ह्यांचा माशांचा हौद आणि मी

ओसरीवरची | १४ मे, रात्री ११.५२

नमस्कार. इथे गेली कित्येक वर्षं नुसती वाचतेच. लोणच्याच्या धाग्यावर दोनदा लिहिलं असेल, तेवढंच. आज झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. विभाग चुकला असेल तर हलवा.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं जुनं बैठं घर आहे. ओझरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी २०१२ साली मागच्या अंगणात माशांचा हौद बांधला. रंगीत जपानी मासे, कोई म्हणतात ते, आणि थोडे गोल्डफिश. मी त्या हौदाला सवत म्हणायचे. थट्टेत, पण अगदीच थट्टेत नाही. सकाळचा चहा तिच्याकडे, रविवार तिच्याकडे. चार दिवस कुठे जायचं म्हटलं की "पंप कोण बघणार?" एका वर्षी येवल्याला पैठणी घ्यायची ठरली होती. पैठणी राहिली आणि पंप आला.

फेब्रुवारीत हे गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

दिवसकार्य, पाहुणे, बँकेचे कागद यात दोन महिने कसे गेले कळलं नाही. माळीकाका माशांना खायला टाकत होते. एप्रिल संपता संपता पाणी इतकं हिरवं झालं की मासे दिसेनात. गेल्या रविवारी मी काकांना सांगून सगळं पाणी उपसलं, हौद ब्रशने घासून घेतला, फिल्टरचे स्पंज साबणाच्या पावडरने लख्ख धुतले आणि नळाचं पाणी भरलं. इतकं स्वच्छ पाणी मी त्या हौदात कधी पाहिलं नव्हतं. मंगळवारी सकाळी पाच मासे उलटे तरंगत होते. लिंबाच्या झाडाखाली पुरले. मोठे तीन, एकेक दीड फुटाचा.

मुलगा कॅनडात आहे. तो म्हणतो, "आई, माती टाकून बुजव आणि वर लॉन कर." नणंद म्हणते, "दादाचा जीव होता त्यात, बुजवायचं नाव काढू नकोस." पहाटे पाचला या हौदाशी दोघांपैकी कोणीच नसतं. आता अकरा मोठे आणि सात लहान उरलेत. पहाटे तोंड वर काढून आ वासतात, बघवत नाही. मला मासे आवडतात की नाही हेही मला सांगता येणार नाही. पण अजून मरायला नकोत.

---

कर्दळीचं बन | १५ मे, सकाळी ६.१०

काकू, वाचून गलबलून आलं. बाकीचं नंतर. आत्ता एवढंच करा: खायला घालणं पूर्ण बंद. आठवडाभर मिळालं नाही तरी या माशांना काही होत नाही. आणि पंप, बादली, पाइप, काय असेल त्याने पाणी उंचावरून पडत राहील असं करा, म्हणजे हवा मिसळेल. मात्र हौदातलंच पाणी फिरवा, नळाचं नवीन नको.

---

मत्स्यपुराण | १५ मे, सकाळी ७.०५

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, नंतर पोटासाठी वेगळं काही केलं, पण हौदाचा नाद सुटला नाही.

काकू, घाबरू नका. हौदाची लांबी, रुंदी, खोली फुटांत सांगा. पाणी नळाचं की बोअरचं? आणि काकांनी कुठे काही लिहून ठेवलं आहे का? हौदवाली माणसं सहसा लिहितात.

---

रस्सा-भात | १५ मे, सकाळी ९.३०

दीड फुटाचे अकरा? आमच्या मालवणात असा प्रश्न पडलाच नसता. :)

---

चौथा मजला | १५ मे, सकाळी ९.३४

रस्सा-भात, वेळ-काळ बघा जरा.

---

ओसरीवरची | १५ मे, दुपारी १.२०

राहू द्या हो, मला हसू आलं. हेही म्हणायचे, "रोहूची चुलत भावंडं आहेत ही, नुसते कपडे चांगले."

हौद १० फूट लांब, ६ फूट रुंद, साडेतीन फूट खोल. सिमेंटचा. पाणी महापालिकेच्या नळाचं.

वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. पण ती मला वाचता येत नाही. अक्षर सुरेख, भाषा कळत नाही. उदाहरणार्थ मागच्या वर्षीचं एक पान:

"रवि. पा.ब. २० ट. हा. ४ च. फि.धु. (हौ.पा.) मी. ६. बेदी सुस्त."

आणि कुठेतरी मधेच: "दि. बदलला. मे."

बेदी म्हणजे कोण ते मला माहीत आहे. पांढऱ्या अंगाचा, डोक्यावर तेवढा केशरी ठिपका असलेला मासा. बिशनसिंग बेदीच्या पटक्यावरून. सगळ्या मोठ्या माशांना ह्यांनी क्रिकेटवाल्यांची नावं दिली होती.

---

मत्स्यपुराण | १५ मे, रात्री ९.४०

काकू, वही फेकू नका. पंपापेक्षा मोलाची आहे.

आधी माप. १० × ६ × ३.५ म्हणजे २१० घनफूट. एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. म्हणजे हौद सुमारे सहा हजार लिटरचा. आता वही उलगडते.

"पा.ब. २० ट." म्हणजे पाणी बदललं, वीस टक्के. बाराशे लिटर. ते कधीच सगळं पाणी बदलत नव्हते.

"हा. ४ च." म्हणजे हायपो, चार चमचे. फोटो धुणारे वापरायचे तोच. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतो, तो माशांचे कल्ले जाळतो. हायपोने क्लोरीन मरतो. चार चमचे म्हणजे वीसेक ग्रॅम, बाराशे लिटरला बरोबर. घरात कुठेतरी खडीसाखरेसारख्या पांढऱ्या खड्यांची बाटली असेल.

"फि.धु. (हौ.पा.)" म्हणजे फिल्टर धुतला, हौदाच्या पाण्यात. कंस सगळ्यात महत्त्वाचा. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विषारी. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. ही वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. साबणाने किंवा नळाच्या पाण्याने स्पंज धुतला की ती एका दुपारीत संपते.

"मी. ६" म्हणजे मीठ सहा किलो. हजार लिटरला एक किलो. नायट्राइटचा त्रास मिठाने कमी होतो.

"दि. बदलला" म्हणजे फिल्टरमधला यूव्ही दिवा. हिरवं पाणी म्हणजे डोळ्याला न दिसणारं तरंगतं शेवाळ, हा दिवा ते मारतो. वर्षभराने दिवा पेटलेला दिसतो, पण त्यातला जोर गेलेला असतो. म्हणून ते दर मे महिन्यात बदलत असणार. काकू, पाणी हिरवं झालं ते तुमच्या हेळसांडीने नाही. दिव्याचं वर्ष भरलं होतं आणि ऊन चढलं होतं, एवढंच.

पहाटेचं आ वासणं दोन कारणांनी असू शकतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. शिवाय क्लोरीनने कल्ले दुखावले असतील.

उद्या करायचं: मत्स्यालयाच्या दुकानातून अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे संच आणि हवेचा पंप. सहा किलो साधं खडे मीठ, एकदम नाही, तीन दिवसांत विभागून, बादलीत विरघळवून. हायपो मिळाला की रोज दहा टक्के पाणी बदला, हायपो आधी टाकून. स्पंज पुन्हा धुवायचे नाहीत, कितीही घाण दिसले तरी.

---

ओसरीवरची | १५ मे, रात्री ११.१५

ती बाटली मी टाकून दिली.

मार्चमध्ये ह्यांचं कपाट आवरताना. पांढरे खडे, वर चिठ्ठी नाही. तुरटी असेल जुनी, म्हणून कचऱ्यात घातली.

आणि मीठ! तेरा वर्षं मी वाण्याशी भांडतेय की महिन्याचं मीठ पुरत कसं नाही.

---

घरगुती उपाय | १६ मे, सकाळी ८.००

एवढं रसायनशास्त्र कशाला? आमच्या गावच्या विहिरीत मोरचूद टाकायचे, शेवाळ साफ. तोही स्वस्तात. किंवा तुरटी फिरवा.

---

बांधावरचा | १६ मे, सकाळी ८.२०

मोरचूद अजिबात नको!!!

मी निफाडचा द्राक्षवाला. आमच्याकडे बोर्डो असतंच, मोरचूद आणि चुना. शेततळ्यात रोहू-कटला सोडले होते. एके वर्षी गड्याने फवारणीचा टँक तळ्याच्या काठावर धुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी काय पाहिलं ते सांगत नाही. चूक माझीच, काठावर धुऊ नको असं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तांबं माशाला विष आहे. शेवाळ मरेलही, पण ते मेलेलं शेवाळ सडताना पाण्यातला उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकेल.

तुरटीने पाण्याचा सामू घसरतो. तीही नको.

---

सदिच्छा | १६ मे, सकाळी १०.४५

ताई, नाशिकलाच आहात तर गोदावरीत सोडून द्या ना. जीवदान दिल्याचं पुण्य आणि जबाबदारीही नाही. त्यांच्या नावाने सोडा.

---

मत्स्यपुराण | १६ मे, दुपारी १२.१०

सदिच्छाताई, भावना कळते, पण कृपा करून नको. कोई म्हणजे शेवटी कॉमन कार्पच, बाहेरून आणलेला. तळ उकरून अन्न शोधायची त्याची सवय. त्याने पाणी गढूळ होतं, पाणवनस्पती उपटल्या जातात, इथल्या माशांची अंडी आणि जागा जाते. घरच्या टाकीतून "सुटका" केलेल्या सकर माशाने उजनीच्या जाळ्यांची काय दशा केली ते तिथल्या मासेमारांना विचारा. आणि केशरी-पांढरा मासा नदीत म्हणजे बगळ्याला आमंत्रणच. पुण्य बगळ्याचं.

---

चौथा मजला | १६ मे, रात्री ८.३०

एक वेगळाच मुद्दा. मी विजेच्या कामातला माणूस. काकू, पंपाच्या वायरला कुठे काळी टेप गुंडाळलेली आहे का? घरच्या मेन बोर्डात ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारं बटण, आहे का? पाण्यात हात घालण्याआधी बटण नाही, प्लग काढायचा. आणि पायात रबरी चप्पल. यूव्ही दिवा उघडा असताना त्याच्याकडे बघायचं नाही. घरी एकट्या आहात म्हणून जास्त बोलतोय. मासे मेले तर वाईट वाटेल, पण एवढंच.

---

ओसरीवरची | १८ मे, सायंकाळी ७.०५

चौथा मजला, तुमचे उपकार कसे फेडू. वायरमन आणला. तीन ठिकाणी टेप. एक जोड हौदाच्या कडेच्या फरशीखाली, ओल्या मातीत. वायरमन म्हणाला, "साहेब इतकी वर्षं वाचले कसे?" मी आत जाऊन बसले थोडा वेळ. ह्यांचा राग आला. गेल्यापासून पहिल्यांदाच आला. ऑफिसात दुसऱ्यांच्या सुरक्षेचे फॉर्म भरणारा माणूस! ईएलसीबी बसवला, नवी वायर पाइपातून घेतली.

अमोनियाच्या तपासात पाणी गडद हिरवं आलं. पिवळं यायला हवं म्हणे. मीठ घातलं, हायपो आणला, एका भांड्यांच्या दुकानातून प्लास्टिकची मोठी बरणी आणली आणि तिच्यावर मार्करने ठळक लिहिलं: हायपो. तुरटी नाही.

---

एकटा जीव | १९ मे, पहाटे ४.५०

वहिनी, तुम्ही पाच वाजता जाग्या असता म्हणालात, मीही असतो. माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या चाळीस कुंड्या होत्या गच्चीत. पहिल्या वर्षी मी सगळ्या जगवल्या. एखादीचं पान पिवळं पडलं तरी रात्री झोप नाही. दुसऱ्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शेजाऱ्यांनी पाणी घातलं, निम्म्या गेल्या. मला वाटलं होतं आता काहीतरी होईल मला. काहीच झालं नाही. चहा प्यायलो, पेपर वाचला. उरलेल्यांतल्या पंधरा वाटून टाकल्या. आता पाच आहेत, त्यातलं एक मी लावलेलं, तिला न आवडणारं निवडुंग.

काय करा ते सांगत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिलं.

---

ओसरीवरची | २४ मे, सकाळी ६.४०

विश्वनाथ गेला. सगळ्यात चपळ होता. काल रात्रीपर्यंत बरा होता, पोहताना एका अंगावर कलायचा, तेवढंच.

अमोनिया उतरलाय, पण नायट्राइट चढलंय. मत्स्यपुराण, तुम्ही हे होणार म्हणाला होतात. तरी.

---

मत्स्यपुराण | २४ मे, सकाळी ७.१५

वाईट वाटलं काकू. पण अमोनिया उतरतोय याचा अर्थ पहिल्या फळीचे जिवाणू आलेत. दुसरी फळी जरा उशिरा येते. मिठाचं प्रमाण मोडू नका. जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच हिशोबाने मीठ पुन्हा घाला: ६०० लिटर बदललं तर ६०० ग्रॅम, सहा किलो नाही.

---

थेम्सकाठ | २५ मे, रात्री २.३०

धागा आज वाचला. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. इथे मागच्या अंगणात कोईचं तळं असणं म्हणजे आपल्याकडे तुळशीवृंदावन असावं इतकं साधं. त्यामुळे "नवरा गेला, तळं उरलं" हेही इथे नवीन नाही. माझ्या शेजारच्या आजींचं तेच झालं. हे मासे सहज पंचवीस-तीस वर्षं जगतात, काही त्याहून जास्त. साठीत हौस सुरू केलेला माणूस त्यांच्या आधीच जाणार, हे गणित दुकानात कोणी सांगत नाही.

आजींनी एका हौशी मंडळाला बोलावून सगळे मासे देऊन टाकले आणि तळ्यात नुसतं वॉटर लिली ठेवलं. त्यांच्या मुलीने सहा महिने अबोला धरला. आजी म्हणायच्या, "तिच्या घरी तळ्याला जागा आहे की."

रस्सा-भात यांच्यासाठी: तुमचं अगदीच चुकलं नव्हतं. जपानच्या नीगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी हे कार्प मुळात हिवाळ्यात खाण्यासाठीच पाळले होते. त्यांतच मधूनअधून रंगीत निपजले, एकोणिसाव्या शतकात ते निवडून वाढवले, आणि १९१४ च्या टोकियोच्या प्रदर्शनानंतर त्यांचं देशभर नाव झालं. काकूंचा बेदी, डोक्यावर एकच लाल ठिपका असलेला, त्याला जपानीत तांचो म्हणतात. तिकडे लोक त्यात झेंडा बघतात. पटका जास्त चांगला आहे.

---

रस्सा-भात | २५ मे, सकाळी ८.००

ऐकलंत का चौथा मजला?

(काकू, मनापासून सॉरी त्या दिवशीचं.)

---

ओसरीवरची | २१ जून, दुपारी ४.१०

बरेच दिवसांनी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. चार दिवस सलग. नवा यूव्ही दिवा लावल्यावर दहा दिवसांत तळ दिसायला लागला. तळाशी ह्यांचा एक चष्मा सापडला, २०१७ पासून हरवलेला.

पावसाचं विचारायचं होतं. गच्चीचा पन्हाळीचा पाइप थेट हौदाच्या कोपऱ्यात उतरतो. ह्यांनीच केलाय. पहिल्या पावसाला वहीत "पाइप वळव" असं प्रत्येक वर्षी लिहिलंय, आणि वळवायला एक एल्बो फडताळात आहे. का?

---

कर्दळीचं बन | २१ जून, सायंकाळी ६.००

पहिल्या पावसात गच्चीवरची कबुतरांची घाण, धूळ, सगळं उतरतं. शिवाय एकदम गार पाणी. दोन-तीन चांगल्या सरी बाहेर जाऊ द्या, मग वळवा.

आणि माझ्या नावाला जागून एक सुचवते: फिल्टरमधून पडणारं पाणी एका जुन्या टबात खडी भरून त्यातून जाऊ द्या आणि त्यात कर्दळ लावा. नायट्रेट मुळं ओढून घेतात. जलपर्णी मात्र कोणी फुकट दिली तरी आणू नका. नदीची अवस्था बघताच आहात.

---

ओसरीवरची | १९ जुलै, रात्री १०.००

आजचा दिवस सांगण्यासारखा आहे.

गेल्या आठवड्यात ढोकरीने एक गोल्डफिश उचलला. म्हणून माळीकाकांनी वर नायलॉनची जाळी ताणली. आज सकाळी त्या जाळीत साप. मी किंचाळले नाही, हे मला आवर्जून नोंदवायचं आहे. सर्पमित्र मुलगा आला, म्हणाला दिवड आहे, बिनविषारी, पाण्यातलंच जनावर. जाळीचे धागे खवल्यांत रुतले होते. त्याने माझी शिवणकामाची कात्री मागितली. वीस मिनिटं एकेक धागा कापत होता, मी साप धरलेल्या त्याच्या हातावर उजेड पाडत होते. जाता जाता म्हणाला, "आजी, ही जाळी काढा. पुढच्या वेळी धामण अडकेल." आता लोखंडी चौकटीवर तारेची ताठ जाळी करून घेणार.

संध्याकाळी नणंदेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दादाच आला असेल." मी म्हटलं, "तो असता तर आधी पंपाचं विचारलं असतं."

---

एकटा जीव | २० जुलै, पहाटे ५.०५

हसून चहा सांडला.

---

ओसरीवरची | १२ सप्टेंबर, रात्री ११.३०

वही शेवटपर्यंत वाचून झाली. आता मला ती भाषा येते. २०१९ च्या जानेवारीतलं एक पान आहे. नेहमीच्या नोंदींखाली लिहिलंय:

"संख्या फार. हजार लि.ला १ हवा. ६ ठेवून बाकी द्यायला हवेत. देववत नाहीत."

पुढच्या महिन्यात पुन्हा: "द्यायचे राहिले." मार्चमध्ये: "तळेगावचे गृहस्थ तयार. नको म्हणालो." मग हा विषय पुन्हा कुठेच नाही.

हे मला कधी बोलले नाहीत. सगळ्यांनी मला सांगितलं की त्यांचा जीव होता हौदात, तो तसाच्या तसा ठेवायला हवा. आणि त्यांना स्वतःलाच हौद असा नको होता. नुसतं धैर्य होत नव्हतं.

मला होईल. माझ्या मांडीवर नाही वाढले ते.

मोठे मासे चांगल्या ठिकाणी द्यायचे आहेत. विकायचे नाहीत.

---

टाकीवाला | १३ सप्टेंबर, सकाळी ७.४०

काकू, मी मे महिन्यापासून हा धागा वाचतोय आणि लिहायचं धाडस होत नव्हतं. तळेगाव दाभाड्याचा मी. ते गृहस्थ म्हणजे माझे वडील. काकांशी त्यांची फोनवर ओळख होती, हौदाच्या पंपावरून. आमच्याकडे चाळीस हजार लिटरचं तळं आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा येतो.

---

ओसरीवरची | १३ सप्टेंबर, सकाळी ७.५५

तुम्ही सप्टेंबरपर्यंत गप्प कसे राहिलात!

---

टाकीवाला | १३ सप्टेंबर, सकाळी ८.०२

आईची शप्पथ, रोज प्रतिसाद लिहून खोडत होतो. तुमचे मासे मागतोय असं वाटलं असतं.

---

ओसरीवरची | ९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

काल नेले. सात. ज्यांना नेण्याबद्दल माहिती हवी असेल त्यांच्यासाठी लिहिते.

दोन दिवस आधीपासून खायला बंद, म्हणजे पिशवीत घाण होत नाही. पहाटे पाचला सुरुवात, गारव्यात. जाळ्याने मासा उचलायचा नाही. जाळ्याने एका कोपऱ्यात घ्यायचा आणि टबात हाताने सरकवायचा. जाड प्लास्टिकची पिशवी, एकात एक अशा दोन. एक तृतीयांश पाणी, बाकी सिलिंडरचा ऑक्सिजन, रबराने घट्ट तोंड. पिशवी आडवी ठेवायची, म्हणजे मासा वाकत नाही. थर्मोकोलच्या खोक्यात, अंधारात. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण करत पाच तासांत तळेगाव. तिथे पिशव्या बंदच तासभर तळ्यावर तरंगत ठेवल्या आणि मग सोडले. त्यांच्या जुन्या माशांपासून वेगळ्या भागात, महिनाभर, रोग लागू नयेत म्हणून.

बेदीही दिला. शेवटी टबात होता तेव्हा त्याच्या डोक्यावर बोट फिरवलं. बुळबुळीत लागतं हो. तेरा वर्षांत मी एकदाही हात लावला नव्हता.

तीन ठेवले. वहीत ज्यांना नावं नाहीत, नुसते नंबर आहेत, ते. ९, ११, १३. दिसायला यथातथाच. आणि सहा गोल्डफिश. नणंद बोलत नाहीये. थेम्सकाठ, तुमच्या आजींचे सहा महिने मोजतेय. मुलाला फोटो पाठवला, तो म्हणाला, "अगं, मग लॉनचं काय?"

रिकामं वाटतंय खरं. सकाळी पाणी ढवळत नाही पूर्वीसारखं. टाकीवाल्यांनी आज व्हिडिओ पाठवला, बेदी गर्दीत मागे राहून खाणं टिपतोय. मी तीनदा बघितला आणि मग बंद केला.

---

मत्स्यपुराण | १० नोव्हेंबर, सकाळी ७.००

उत्तम केलंत. आता थंडीत पाणी गार झालं की खाणं कमी, दुपारी एकदाच, पाच मिनिटांत संपेल एवढंच. या माशांना जठरच नसतं, एकदम जास्त खाल्लेलं नीट पचत नाही. आणि पोळीचे तुकडे कोणालाही टाकू देऊ नका.

---

ओसरीवरची | १० नोव्हेंबर, सकाळी ७.१०

पोळीचे तुकडे टाकणारी मीच होते. बरं.

---

नवीन_सदस्य_२२ | २८ जानेवारी, दुपारी ३.३०

शोधताना हा धागा सापडला. माझे सासरे डिसेंबरमध्ये गेले. गच्चीवर त्यांचा माशांचा हौद आहे. मिस्टर म्हणतात ठेवायचा, पण बघायला कोणीच नाही, सगळं माझ्यावर. पाणी एकदम हिरवं झालंय, उद्या रिकामा करून धुवायचा विचार आहे. कोणी म्हणालं मोरचूद टाका. काय करू?

---

ओसरीवरची | २८ जानेवारी, दुपारी ३.४१

उद्या काहीही करू नका. धुऊ नका, पाणी बदलू नका, आणि मोरचूद सांगणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. आज खायला घालणं बंद.

हौदाची लांबी, रुंदी, खोली फुटांत सांगा. पाणी नळाचं की बोअरचं? सासऱ्यांच्या कपाटात पांढऱ्या खड्यांची बाटली असेल तर टाकू नका. आणि वायरला टेप आहे का ते बघा, पण हात न लावता.